टीव्हीसमोरचे पाच महिने

मागच्या महिन्यात एका अनोळखी बाईंचा फोन आला. त्यांच्या नवऱ्याला जीबीएस, म्हणजे मला झाला होता तोच नसांचा आजार, झाला होता आणि माझा नंबर त्यांना आमच्या फिजिओ मॅडमनी दिला होता. औषधं, डॉक्टर, किती दिवस लागतील, सगळं विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पण दिवसभर नुसतं पडून करायचं काय हो माणसानं?"

मी म्हटलं, "टीव्ही बघू दे त्यांना."

मग "बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी चेष्टा केली असं त्यांना वाटलं असणार.

मी चेष्टा केली नव्हती. हात-पाय असून नसल्यासारखे, फक्त मान आणि डोळे आपल्या ताब्यात, अशा अवस्थेत मी घरी आले आणि पुढचे पाच महिने टीव्ही बघितला. त्यातल्या कशानं तारलं आणि कशानं पाडलं, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहून काढते आहे. त्या बाईंच्या नवऱ्याला कुणी वाचून दाखवलं तर बरं होईल.

खडू

मी मुळशी तालुक्यातल्या माल्याच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. राहायला नांद्याला. घर सासऱ्यांनी बांधलेलं, वरच्या मजल्यावरच्या खोल्या हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलींना भाड्यानं दिलेल्या. रोज स्कूटीवरून पौडमार्गे शाळेत जायचं, संध्याकाळी परत यायचं. कधी मोठं आजारपण असं आलेलं नव्हतं.

त्या आठवड्याच्या आधी घरात सगळ्यांचीच पोटं बिघडली होती. दोन दिवसांत बरं वाटलं आणि आम्ही विसरून गेलो. सोमवारी पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मंगळवारी फळ्यावर अपूर्णांक लिहिताना खडू दोनदा हातातून पडला. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमचं अक्षर आज आमच्यासारखं आलंय." वर्ग हसला, मीही हसले.

शाळा सुटल्यावर मला स्कूटी स्टँडवरून काढता येईना. मुख्याध्यापकांनी मला खुर्चीत बसवलं आणि संदीपला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फोन केला. तो हिंजवडीतल्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. ट्रॅफिकमधून वाट काढत त्याला यायला दीड तास लागला. तोवर मला खुर्चीतून उठता येईनासं झालं होतं.

पुण्यातल्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरांनी छोट्या हातोडीनं माझ्या गुडघ्यावर टकटक केलं. गुडघा हललाच नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारलं. तोही नाही. त्यांनी हातोडी नीट धरली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी रोज तीस-पस्तीस मुलांचे चेहरे वाचते. कुणाचं गणित चुकलंय ते वही न बघता मला कळतं. त्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हे नुसत्या अशक्तपणाचं काम नाही.

मोठ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. शरीर स्वतःच्याच नसांवर उलटलं आहे. अशक्तपणा पायांकडून वर चढत जाईल, मग थांबेल, मग हळूहळू उतरेल. बहुतेक लोक बरे होतात, पण वेळ लागतो.

संदीपनं विचारलं, "वर म्हणजे कुठपर्यंत?"

"ते आपल्याला उद्या-परवा कळेल," डॉक्टर म्हणाले.

एका दमात

आयसीयूत दर काही तासांनी कुणीतरी यायचं आणि म्हणायचं, "मॅडम, एक श्वास घ्या आणि एका दमात मोजा." पहिल्या दिवशी मी चौतीसपर्यंत मोजलं. दुसऱ्या दिवशी सव्वीस. मग एकोणीस. ज्या बाईनं आयुष्यभर मुलांना अंक शिकवले तिला आता कळत होतं की अंक संपतात. चौथ्या दिवशी तेरावर आले. माझ्या कॉटशेजारी कृत्रिम श्वासाची नळी आणि मशीन आणून ठेवलं. मला ते दिसत होतं.

त्या दिवशी मला जी भीती वाटली तिचं वर्णन मी करणार नाही. ज्यांना ती माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही. एवढंच सांगते की मी मुलीचा, ओवीचा, विचार करायचं मुद्दाम टाळलं, कारण तिचा विचार केला की मोजायला दम पुरायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेरा. त्याच्या दुसऱ्या दिवशी चौदा. नर्सनं आकडा कागदावर लिहिला, पेन खिशात ठेवलं आणि माझ्या गालावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. मशीन परत गेलं.

भेटायला रोज एकालाच सोडायचे. एक दिवस आत्या आल्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते. चौदा वर्षं एका स्वयंपाकघरात काढली, पण आमचं बोलणं भाजी काय करायची आणि गॅस कधी संपला एवढ्यापुरतंच. भांडण नव्हतं, जवळीकही नव्हती. त्या पाच मिनिटांत त्यांनी माझ्याकडे कमी आणि डोक्याशी असलेल्या मॉनिटरकडेच जास्त बघितलं. बाहेर जाऊन संदीपला म्हणाल्या, "हिरवी रेघ चांगली हालतीया. काळजी करू नगंस."

रिमोट

पाच आठवड्यांनी मला घरी आणलं. मानेखाली हालचाल म्हणाल तर खांदे थोडे उचलता यायचे, बाकी काही नाही. जागेची सोय म्हणून कॉट हॉलमध्ये टाकली. समोर टीव्ही. संदीप कामावर, ओवी शाळेत. घरात मी आणि आत्या. रिमोट आत्यांच्या हातात.

आत्यांच्या मालिका दुपारी एकला सुरू व्हायच्या. मी आधी कधी त्या बघितल्या नव्हत्या. शिक्षकांच्या खोलीत आम्ही त्यांना हसायचो. आता मान वळवली तर भिंत, नाहीतर मालिका. पहिल्या आठवड्यात मी भिंत बघितली. भिंतीचा कंटाळा मालिकेपेक्षा लवकर येतो.

मग वरच्या खोलीतल्या एका मुलीनं आमच्या टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं. ओरिसाची ती, माझ्याशी हिंदीत बोलते. "दीदी, जो चाहिए लगा लीजिए," म्हणाली. मी आत्यांशी करार केला: एक तुमची मालिका, एक माझा माहितीपट.

पहिला माहितीपट समुद्रातल्या एका आठपायी प्राण्यावर होता. मादी अंडी घालते आणि ती फुटेपर्यंत त्यांच्यावर बसून राहते, काही खात नाही, आणि शेवटी मरते. मला तो शांत निळा रंग बघून बरं वाटत होतं. आत्यांनी सगळं बघून घेतलं आणि विचारलं, "ते फोटू काढनारं हुतं की तितं. त्यांनी दिलं न्हाई व्हय तिला खायाला?"

"तसं करत नाहीत, आत्या. निसर्गात ढवळाढवळ करायची नाही असा नियम आहे."

"बाळंतिणीपाशी बसून नुसतं बगत राहायचं, ह्यो कसला नियम," त्या म्हणाल्या आणि मला पाणी पाजायला उठल्या.

एक माहितीपट बर्फाच्या शिखरावर जाणाऱ्या माणसाचा होता. हिमदंशानं त्याची बोटं गेली तरी तो पुन्हा चढाईला निघतो. एका मैत्रिणीनं खास माझ्यासाठी सुचवला होता, प्रेरणा मिळेल म्हणून. मला नुसता राग आला. हा आपल्या मर्जीनं गेला, बोटं घालवून आला, आणि वर हसतोय. माझी दहाच्या दहा बोटं चादरीवर पडलेली, एकही हलत नाही, आणि मी कुठंही गेले नव्हते, माल्याला अपूर्णांक शिकवत होते. मी आत्यांना बंद करा म्हटलं. आजारी माणसाला असल्या शौर्याच्या गोष्टी दाखवताना जरा जपून, एवढं मी नक्की सांगेन.

एकदा धरणाखाली गेलेल्या कुठल्यातरी परदेशातल्या गावावर काहीतरी लागलं. पाणी ओसरलं की चर्चचा मनोरा वर येतो, म्हातारी माणसं काठावर उभी राहून बघतात. आत्या नेहमीसारख्या मध्ये मध्ये बोलल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, "माझ्या आजीचं म्हायेर मुळशीच्या पान्यात गेलं. ती कदी तिकडं तोंड करून बसायची न्हाई. आमी पोरं तिला मुद्दाम तसं बसवायचो." मग माझी उशी सरकवताना, "वंगाळ वागलो आमी." चौदा वर्षांत त्यांनी मला स्वतःबद्दल सांगितलेली ही पहिली गोष्ट.

मालिकांमध्ये मात्र त्या नेहमी खाष्ट सासूच्या बाजूनं असायच्या. "तिचंबी बराबर हाय," म्हणायच्या. "सून पायताणं घालून सैपाकघरात येती, मग काय आरती ओवाळायची?" मी हसायचे. हसल्यानं खांदे दुखायचे, पण फिजिओ मॅडम म्हणाल्या, हसा, तोही व्यायामच आहे.

ती उठली

आत्यांच्या एका मालिकेत नायिकेला अपघात झाला आणि ती चाकाच्या खुर्चीत बसली. तीन आठवडे बसूनच होती. आम्ही दोघी तिच्यात गुंतत गेलो. मी आत्यांना सांगायचे, "बघा, पायात जोर नसला तर मांडी अशी राहत नाही. हे सगळं खोटं असतं. खरं म्हणजे आधी पडल्या-पडल्या व्यायाम, मग बसणं, मग पट्टा बांधून उभं राहणं." मी शिकवत असल्यासारखी सांगायचे आणि आत्या ऐकून घ्यायच्या.

मग एका दुपारी घराला आग लागली, नवरा आत अडकला, आणि ती खुर्चीतून उठली. चार पावलं चालली. मागे शंख, घंटा, सगळं.

मी खोटं आहे म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. आत्यांनी टीव्ही बंद केला. त्यांची नजर माझ्या पायांवर गेली आणि लगेच दुसरीकडे वळली.

तोवर मला आधारानं कॉटच्या कडेला बसता यायला लागलं होतं. हात कोपरातून थोडे उचलता यायचे. फिजिओ मॅडमनी बजावलं होतं की मी सांगेपर्यंत उभं राहायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्यांनी मला कडेला बसवून उशा लावल्या, तेव्हा मी म्हटलं, "आत्या, मला एकदा उभी करा."

"ती व्यायामवाली पोरगी न्हाई म्हनली हुती न्हवं?"

"तिला काय कळतंय. माझ्या पायात आलंय, मला जाणवतंय. एकदाच."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग पदर खोचला, माझ्या काखेतून दोन्ही हात घातले आणि मला उचललं. सदुसष्ट वर्षांच्या बाईनं. क्षणभर मला खिडकीबाहेरचं आंब्याचं झाड दिसलं, जे पडून दिसायचं नाही. मला वाटलं, मी उभी आहे. उभ्या आत्या होत्या, मी त्यांच्या अंगावर होते. गुडघे कधी गेले ते कळलं नाही. दोघी खाली आलो, त्या खाली आणि मी वर.

"लागलं का तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"न्हाई."

मला बाजूला व्हायला जमेना, त्यांना मला सरकवायला जमेना. मोबाइल कॉटवर. टीव्हीवर मसाल्याच्या जाहिराती चाललेल्या. ओवी शाळेतून येईपर्यंत पाऊण तास आम्ही तशाच पडून होतो. आत्या मधून मधून माझ्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. एकच हात. दुसरा आमच्या दोघींच्या खाली अडकला होता आणि मनगटात मोडला होता, हे मला नंतर कळलं.

मी बोलले नाही

ओवीनं शेजारच्यांना बोलावलं, त्यांनी आम्हाला उठवलं, संदीप आला. आत्यांना पौडला नेऊन प्लास्टर घालून आणलं. घरात आल्यावर तो आईवर इतका चिडला की तसं मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

"मालिका बघून सुनेला उभी करायला निघालीस? तिचा मणका-बिणका मोडला असता म्हणजे? अक्कल कुठं ठेवली होतीस?"

आत्या म्हणाल्या, "चुकलं."

एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाही. आणि मी कॉटवर पडून बंद टीव्हीकडे बघत राहिले. मी तोंड उघडलं नाही. का, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. दमले होते, घाबरले होते, हे खरं आहे. पण त्याहून खरं म्हणजे मला लाज वाटली. ज्या गोष्टीला मी तीन आठवडे खोटं म्हणत होते, तिच्यावर विश्वास आत्यांनी नाही, मी ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी संदीपनं आत्यांना भूगावला नणंदेकडे पोचवलं. हात बरा होईपर्यंत तिकडेच राहू दे, म्हणाला. माझ्यासाठी दिवसभराची बाई ठेवली. ती कामाला फार चांगली होती. रिमोटचं म्हणाल तर मी सांगेन ते लावायची. मी वाळवंटावरून उडत जाणारे पक्षी बघितले, हजार वर्षांची झाडं बघितली. काय बघितलं ते आठवत नाही. मध्येच कुणी काही विचारत नव्हतं.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी सकाळी संदीप मला पोहे भरवत होता. मी म्हटलं, "मीच सांगितलं होतं आत्यांना. त्या नको म्हणत होत्या."

त्यानं चमचा खाली ठेवला. "मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"लाज वाटली."

"आणि ती का नाही बोलली?"

त्यानं चमचा उचलला आणि उरलेले पोहे भरवले, तोंड पुसलं आणि कामाला गेला. संध्याकाळी तो ऑफिसातून परस्पर भूगावला गेला आणि आत्यांना घेऊन आला. वाटेत मायलेकांत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

आत्यांनी पिशवी ठेवली आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. मी म्हटलं, "आत्या, तुम्ही त्याला सांगितलं का नाहीत?"

"तुला बोलला असता त्यो. तू रडली असतीस. तुला सोताचं नाक पुसाय येत न्हाई, मला हात न्हाई. मग पुसायचं कुनी?"

मी हसायला लागले आणि व्हायचं तेच झालं, नाक वाहायला लागलं. आत्यांनी चांगल्या हातानं पदर घेऊन पुसलं. मग म्हणाल्या, "आन् एक सांगू का. तू म्हनली नसतीस तर मीच म्हनले असते. मलाबी वाटलं हुतं, उटशील."

उभी राहिले तेव्हा

त्यानंतर चौथ्या आठवड्यात फिजिओ मॅडमनी कमरेला रुंद पट्टा बांधला, समोर वॉकर ठेवला आणि म्हणाल्या, "आता." रविवार होता. संदीप मोबाइल घेऊन शूटिंग करत होता. ओवी मोजत होती. मी अकरापर्यंत उभी राहिले. शंख नाही, घंटा नाही. बाहेर भाजीवाल्याचा भोंगा चालू होता. बसल्यावर मला एवढा घाम आला होता की ओवीनं टॉवेल आणला. आत्या तेवढ्यात चहा टाकायला आत निघून गेल्या होत्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

पुढचं सगळं हळू झालं. पाचव्या महिन्यात वॉकरनं मोरीपर्यंत. सातव्यात काठी. दहाव्यात शाळा. डावं पाऊल अजून जरा घासत चालतं आणि संध्याकाळी बोटं जड होतात. फळ्यावरचं अक्षर पूर्वीसारखं नाही. स्कूटी संदीप चालवू देत नाही, मी एसटीनं जाते.

तुमच्या घरी कुणी असं पडून असेल तर त्याला टीव्ही बघू द्या. समुद्र दाखवा, पक्षी दाखवा, खाष्ट सासवा दाखवा. पण एकट्याला नका दाखवू. शेजारी कुणीतरी बसा आणि मध्ये मध्ये बोला. माणूस खुर्चीतून एकदम उठतो असं काही लागलं तर ते संपेपर्यंत तिथून हलू नका, आणि संपल्यावर त्यानं काही मागितलं तर फिजिओला फोन करा.

हे लिहायला बसण्याआधी मी संदीपच्या मोबाइलमधला तो उभं राहण्याचा व्हिडिओ पुन्हा बघितला. पूर्वी मी त्यात फक्त माझे गुडघे बघायचे. या वेळी डाव्या कोपऱ्यात काहीतरी पांढरं दिसलं. थांबवून बघितलं तर तो आत्यांचा हात होता. त्या स्वतः चित्रात नाहीत, फक्त प्लास्टरमधला हात माझ्या कमरेच्या खाली, तळवा वर करून धरलेला. मी उभी होते तितका वेळ तो तिथंच होता.

मोबाइल घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि त्यांना दाखवला. "आत्या, पडले असते तर झेलायला मोडलेला हात पुढे केला होता तुम्ही?"

त्यांनी मोबाइल लांब धरून बघितलं.

"मोडका हुता त्योच म्होरं केला," त्या म्हणाल्या. "चांगला राखून ठिवला. तुला जेवाय घालाय लागत हुतं."